खाजत नाही, दुखत नाही… मग कायले दाखवू?

आपल्याकडे बाईच्या कातडीकडे सगळ्यांचंच लक्ष असतं, पण ते ती गोरी आहे की सावळी एवढं पाहण्यापुरतं! मुलगी पाहायला आलेली मंडळी तिच्या चेहऱ्यावरचा मुरमाचा डागसुद्धा टिपतात. पण त्याच मुलीच्या पाठीवर, कमरेवर किंवा दंडाच्या मागच्या बाजूला एखादा फिकट चट्टा वर्षभर वाढत असेल, तर तो कुणाच्या नजरेला पडत नाही. तिच्या स्वतःच्याही नाही. आईनं अंगाला तेल लावून न्हाऊ घालणं सातव्या-आठव्या वर्षी संपतं आणि त्यानंतर आपली पाठ आपल्याला आयुष्यभर परकीच राहते.

मैत्रिणींनो, आठवून पाहा, तुमच्या गावात मागे जे आरोग्य शिबिर झालं, त्यात काय काय तपासलं? वजन, बीपी, साखर, हिमोग्लोबिन. आमच्या या पूर्व विदर्भात सिकलसेलही तपासतात. जमलंच तर डोळे आणि दात. टेबलावर यंत्र ठेवलेलं असतं, आपण हात पुढे करतो, आकडा कागदावर येतो. कातडीला असं यंत्र नाही. ती डोळ्यांनीच पाहावी लागते, त्यासाठी उजेड लागतो, आडोसा लागतो आणि पदर बाजूला सारावा लागतो. म्हणूनच ते राहून जातं. आमचं फुलचूर गोंदिया शहराला लागूनच आहे. दवाखाने हाकेच्या अंतरावर आहेत. तरीसुद्धा ही स्थिती. मग देवरी-सालेकसाच्या आतल्या गावातल्या बाईचं काय होत असेल?

बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढते तेव्हा एक उत्तर हमखास मिळतं. ‘चट्टा हाये जी ताई, पण खाजत नाही, दुखत नाही. मग कायले दाखवू?’ ऐकायला किती सरळ वाटतं! दुखलं तर दाखवायचं, नाही दुखलं तर कामाला लागायचं, ही आपली रीतच आहे. पण कातडीच्या बाबतीत नेमकं उलटं असतं. जे खाजतं ते बहुतेक वेळा साधं असतं आणि घाबरवणारं नसतं. जे खाजत नाही, दुखत नाही आणि हात लावला तरी कळत नाही, ते आधी दाखवायला हवं. कारण तो कुष्ठरोग असू शकतो.

हा शब्द लिहिला की वाचणाऱ्या कितीजणी पान उलटतील, याची मला कल्पना आहे. ‘तो तर गेला ना आता?’ असंही म्हणतील. गेला नाही! २००५ च्या डिसेंबरमध्ये आपल्या देशानं एक टप्पा गाठला. दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, असा तो टप्पा. त्याला सरकारी भाषेत ‘दूरीकरण’ म्हणाले आणि लोकांनी त्याचा अर्थ ‘रोग संपला’ असा घेतला. माझ्या मते या एका शब्दानं बरंच नुकसान केलं. आजही देशात वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात आणि साऱ्या जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आपल्याच देशातले असतात. महाराष्ट्रात आपला पूर्व विदर्भ, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा पट्टा या रोगासाठी जुनाच ओळखीचा आहे.

आणि गंमत पाहा, घरोघर जाऊन कातडी पाहण्याची पद्धतही विदर्भानंच देशाला दिली. सेवाग्रामला परचुरे शास्त्रींची सेवा गांधीजी स्वतःच्या हातांनी करत, ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. त्याच वर्धा परिसरात मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरचं काम सुरू केलं. पुढे १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन सुरू झालं. तिथल्या डॉ. वार्देकरांनी सांगितलं की रुग्ण आपल्याकडे येण्याची वाट पाहू नका, तुम्ही त्याच्या दारात जा. आधी सर्वेक्षण, मग लोकांना समजावणं, मग उपचार. त्याच वर्षी वरोऱ्याच्या माळावर बाबा आमटे आणि साधनाताईंचं आनंदवन उभं राहिलं. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन होतंच. म्हणजे या रोगाशी विदर्भाचं नातं दोन्ही बाजूंनी आहे, रोगाचं आणि सेवेचंही. तरी आपल्याच घरातला चट्टा आपल्याला ओळखता येऊ नये, हे कसं चालेल?

आता ओळखायचं कसं, ते नीट सांगते. कुष्ठरोगाचा चट्टा दुधासारखा पांढराशुभ्र नसतो. आजूबाजूच्या कातडीपेक्षा थोडा फिकट असतो, नाहीतर तांबूस, तांब्याच्या भांड्याला असते तशी झाक असलेला. कधी सपाट, कधी कडेला उचललेला. त्यावर बहुधा घाम येत नाही, लव गळते, जागा कोरडी वाटते. आणि मुख्य खूण म्हणजे तिथली संवेदना कमी झालेली असते किंवा गेलेली असते. ही पाहायची रीत अगदी सोपी आहे. कापसाची वात बारीक करा किंवा साध्या बॉलपेनचं टोक घ्या. आधी डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर हलकेच टेकवा आणि सांगा, ‘असं लागलं की बोट ठेवून दाखव.’ मग तिला डोळे मिटायला सांगा आणि कधी चट्ट्यावर, कधी बाहेर टेकवत जा. बाहेरचं ती बरोबर दाखवते आणि चट्ट्यावरचं तिला कळतच नाही, असं झालं तर उशीर न करता दवाखाना गाठायचा. सुई टोचू नका, चटका देऊन पाहू नका. असले प्रयोग करणारे महाभाग असतात, म्हणून सांगते! आणि समजा स्पर्श कळला, तरी चट्टा जुना असेल, वाढत असेल, तर दाखवून घ्यावाच. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदना बरेचदा शाबूत राहते, त्यामुळे या घरगुती चाचणीवर निकाल लावून मोकळं व्हायचं नाही. निकाल डॉक्टरनं द्यायचा.

कधी चट्टा दिसतच नाही. कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होतात, चेहरा तेल लावल्यासारखा चकाकतो, आणि बायका म्हणतात, ‘तब्येत सुधारली वाटतं हिची!’ कुणाची चप्पल चालता चालता पायातून निसटते आणि तिला पत्ता नसतो. कुणाला भाकरी करताना बोटाला चटका बसतो, फोड येतो, आणि संध्याकाळी भांडी घासताना तो दिसतो, तेव्हा कळतं. स्वयंपाकघरातल्या बाईला चटके नवे नाहीत. पण चटका बसला आणि ‘हाय’ म्हटलं नाही, तर तिथे थांबून विचार करा. करंगळी वाकू लागणं, कोपराच्या आतली नस दोरीसारखी हाताला लागणं, तळपायाला मुंग्या येऊन मग काहीच न कळणं, या सगळ्या नसा बिघडल्याच्या खुणा आहेत. साखरेच्या आजारातही पाय बधिर होतात, हे खरं, पण दोन्हीपैकी काय आहे ते ओट्यावर बसून ठरत नाही.

आमच्या गटातल्या एका बाईची गोष्ट सांगते, नाव-गाव काही नाही. दंडावर रुपयाएवढा तांबूस चट्टा होता. ‘नायटा असेल’ म्हणून तिनं औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली. ती संपली, दुसरी आणली. कुणी बिब्बा लावायला सांगितलं, तोही लावला. त्यानं कातडी जळून काळी झाली, ती वेगळीच पीडा. दोन वर्षं हे चाललं आणि चट्टा तळहाताएवढा झाला. रोवणीच्या दिवसांत चिखलात हात घालून धान लावताना कोपराला काहीतरी कापलं, रक्त आलं, ते शेजारणीनं दाखवलं. हिला कळलंच नव्हतं. तिला दवाखान्यात नेलं, तपासणी झाली, गोळ्यांचं पाकीट मिळालं. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. सहा महिने गोळ्या घेतल्या, बरी झाली, बोटं सरळ राहिली. आज तिच्याकडे पाहून कुणालाही काही ओळखता येणार नाही. तिच्याहून वयानं मोठ्या एका मावशीला हे दहा-बारा वर्षं आधी कुणी सांगितलं असतं, तर त्यांना आज वाकलेल्या बोटांनी पोहे निवडावे लागले नसते. गोळ्या त्यांनीही घेतल्या, रोग गेला. पण नसा गेल्या त्या गेल्या.

हा फरक नीट समजून घ्या. रोग औषधानं पूर्ण बरा होतो, कितीही उशीर झाला तरी. नस मात्र तशी नाही. बधिरपणा नुकताच आला असेल तर वेळेवर दिलेल्या औषधांनी तो बराच भरून येतो. सहा महिन्यांहून जुना झाला की फारसं हाती लागत नाही. म्हणून घाई करायची ती नसेसाठी.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एकापेक्षा जास्त औषधं एकत्र द्यायची पद्धत सुचवली, तिला बहुविध औषधोपचार म्हणतात. त्याआधी एकच गोळी वर्षानुवर्षं, काहींना जन्मभर घ्यावी लागे. आता चट्टे थोडे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने, एवढंच. औषध सुरू झाल्यावर काही दिवसांतच त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती राहत नाही. तेव्हा त्याची वेगळी ताट-वाटी, वेगळं अंथरूण, हे सगळं कशासाठी? हा रोग तसा सहजासहजी लागत नाही. दर शंभरातल्या पंचाण्णव माणसांच्या अंगात याला रोखण्याची ताकद उपजतच असते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या श्वासातून, खोकण्या-शिंकण्यातून, तेही महिनोन्‌महिने जवळ राहिल्यावर लागण होते. आणि जंतू अंगात शिरल्यापासून खूण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. म्हणून ‘आमच्या घरात तर कुणालाच नाही’ हे म्हणण्यात काही अर्थ नसतो. घरातल्या इतरांना एक प्रतिबंधक मात्रा देतात, तीही घ्यावी, लाजू नये.

बायकांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत, त्या पुरुषांना सांगायच्या राहून जातात. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर या रोगात एकदम उसळी येऊ शकते, चट्टे लाल होऊन सुजतात, नसा दुखतात. त्या वेळी ‘बाळंतिणीला असं होतंच’ म्हणून अंगावर काढू नये. गोळ्या गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही चालू ठेवता येतात. दुसरी गोष्ट रंगाची. यातल्या एका गोळीनं कातडी काळसर पडते. तेवढ्यासाठी कितीजणी पाकीट फेकून देतात! एकीच्या नवऱ्यानं म्हटलं होतं, ‘रोगापेक्षा औषधच वाईट.’ औषध संपल्यावर काही महिन्यांनी रंग हळूहळू मूळपदावर येतो. लघवी लालसर होते तीही दुसऱ्या एका गोळीमुळे, ते रक्त नसतं. ही दोन वाक्यं पहिल्याच दिवशी नीट सांगितली, तर अर्ध्यावर सोडणाऱ्या बायका कमी होतील, असं माझं मत आहे. पण सांगायला कुणाला वेळ असतो?

आता जे कुष्ठरोग नाही, पण उगाच जिवाला घोर लावतं, त्याबद्दल. आमच्याकडे एक भाषेचा घोळ आहे. मराठीत ‘कोड’ म्हणजे अंगावरचे पांढरेशुभ्र डाग. हिंदीत ‘कोढ’ म्हणजे कुष्ठरोग. गोंदियात निम्म्या घरात मराठी, निम्म्यात हिंदी, कुठे पोवारी, कुठे छत्तीसगढी. बाजारात तर सगळ्यांची मिळून एकच खिचडी! त्यात एका अक्षराच्या फरकानं कोड असलेल्या मुलीला लोक कुष्ठरोगी करून टाकतात. कोड संसर्गानं पसरत नाही. त्यात कातडीला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होतात, बाकी स्पर्श, घाम, ताकद सगळं जिथल्या तिथे असतं. त्यावर उपचार आहेत, लवकर सुरू केले तर गुणही येतो. ज्या घरात कोड आहे तिथलं पाणी न पिणाऱ्या सुशिक्षित बायका मी पाहिल्या आहेत. शिक्षणाचा आणि समजुतीचा काय संबंध, असा प्रश्न अशा वेळी पडतो.

लहान मुलांच्या गालावर फिकट, कोरडे, कोंडा सुटल्यासारखे चट्टे येतात. बायका म्हणतात, ‘पोटात जंत झाले’ किंवा ‘कॅल्शियम कमी झालं’. बहुतेक वेळा ते कोरड्या कातडीचं आणि उन्हाचं लक्षण असतं. खोबरेल तेल किंवा साधं मलम लावत राहावं, हळूहळू जातात. नाही गेले, तर तिथेही तीच कापसाची चाचणी करायची आणि दाखवून आणायचं. मानेवर, छातीवर, पाठीवर घामाच्या दिवसांत ठिपके-ठिपके येतात, नखानं खरवडलं तर बारीक भुसा निघतो, ती शिबं. ती आपल्याच कातडीवर राहणाऱ्या बुरशीमुळे येतात, लागट नसतात, औषधानं जातात. डाग बुजायला मात्र वेळ लागतो.

खरजेबद्दल मात्र चार शब्द जास्त लिहायला हवेत, कारण वसतिगृहातून मुलं सुटीत घरी आली की घरोघर तीच. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुळ्या आणि रात्री पांघरुणात शिरलं की भयंकर खाज. घरातल्या दोघा-तिघांना एकदम खाज सुटली, तर दुसरं काही शोधत बसू नका. यात चूक होते ती एकच. जो खाजवतो त्यालाच औषध लावतात. मग बरा झालेला पुन्हा दुसऱ्याकडून घेतो आणि ‘औषधाला गुणच नाही’ असं आपण म्हणतो. डॉक्टरनं दिलेलं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं. ज्याला खाज नाही त्यानंही, मानेपासून तळपायापर्यंत. दुसऱ्या दिवशी चादरी, कपडे गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवायचे आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा लावायचं. खाज नंतरही दोन-तीन आठवडे रेंगाळते. सासू म्हणाली, ‘मले काही नाही, मी नाही लावत’, तर सगळ्यांची मेहनत वाया. आजींना कसं समजवायचं, ते ज्या-त्या घरानं पाहावं!

रोवणीत पायाच्या बोटांत होणाऱ्या चिखल्या तर आम्हाला पाठच आहेत. बांधीतून आल्यावर पाय धुऊन, बेचकं कोरडं पुसायचं, तेवढा वेळ स्वतःला द्यायचा. सोरायसिसमध्ये कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात चांदीसारखे पापुद्रे निघतात, तोही लागट नाही. नागिणीला कमरेच्या किंवा छातीच्या एकाच बाजूला पाण्याच्या फोडांचा पट्टा येतो आणि आग होते. ‘तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो’ ही भीती घालून गेरू लावणारे अजून आहेत. ती लहानपणीच्या कांजिण्यांच्या विषाणूचीच करणी. तिचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर उपयोग जास्त. गेरूत ते दिवस निघून जातात.

मानेवर, काखेत काळी, मखमलीसारखी जाड कातडी दिसली की पोरींना ‘अंघोळ नीट करत नाही’ म्हणून बोलणी बसतात. दगडानं घासून घासून मान सोलवटून घेतलेली मुलगी मी पाहिली आहे. तो मळ नसतो हो! बरेचदा ती वाढत्या वजनाची आणि पुढे येऊ घातलेल्या मधुमेहाची सूचना असते. तिथे साबण नाही, रक्ततपासणी हवी. तोंडाच्या आतही आरशात पाहावं, खर्रा किंवा तंबाखू खाणाऱ्या बायकांनी तर नक्कीच. गालाच्या आत न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, आकार-रंग बदलणारा तीळ, महिना होऊन गेला तरी न भरणारी जखम, स्तनावर संत्र्याच्या सालीसारखी खड्डे पडलेली कातडी, यातलं काहीही दिसलं तर सणवार, लग्नकार्य आटोपण्याची वाट पाहू नये.

आता माझा खरा राग कशावर आहे ते लिहिते. तो ट्यूबवर आहे. गजकर्ण झालं, ट्यूब. वांग आले, ट्यूब. गोरं व्हायचं, तीच ट्यूब! दुकानात जाऊन ‘खाजेची द्या’ म्हटलं की जी हातात पडते, तिच्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, डाग उजळतो, बाई खूश. पण गजकर्णाची बुरशी मरत नाही, ती दबून राहते आणि मग मांड्यांवर, पोटावर, नवऱ्याच्या अंगावर, लेकराच्या अंगावर पसरते. चेहऱ्याला लावली तर कातडी कागदासारखी पातळ होते, लाल होते, पुरळ येतं, केस उगवतात आणि बंद केली की आग आग होते. म्हणून पुन्हा लावायची. एक प्रकारचं व्यसनच ते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर लावली तर रंगरूप बदलतं आणि तपासणाऱ्यालाही फसगत होऊ शकते. ही मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम आहे. नियम पाळला जात नाही, हे आपण सगळ्या जाणतो. कारण चिठ्ठी न मागणारा दुकानदार आपल्याला चांगला वाटतो! दुकानदाराला दोष देऊच, पण जाऊबाईची उरलेली ट्यूब मागून आणणारी आपणच असतो. एका घरातली अर्धी पिळलेली ट्यूब आमच्या गल्लीत चार घरं फिरून आलेली मी पाहिली आहे. लोणच्याची वाटी फिरवावी तशी!

आणि दुसरी तक्रार तपासणीच्या पद्धतीची. २०१६ पासून कुष्ठरोग शोध अभियान निघतं. आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक घरोघर येतात. बायकांना आशाताईनं आणि पुरुषांना स्वयंसेवकानं पाहायचं, अशी रीत ठरलेली आहे. चांगली रीत आहे. पण होतं काय, दारात उभं राहून विचारतात, ‘अंगावर चट्टा आहे का?’ आतून आवाज येतो, ‘नाही जी!’ भिंतीवर खडूची खूण होते आणि पुढचं घर. यात मी आशाताईला दोष देणार नाही. तिच्यामागे लसीकरण, बाळंतपणं, नाना तऱ्हेची रजिस्टरं, क्षयरोगाचं सर्वेक्षण, आणि त्या कामाचा मोबदला किती तुटपुंजा, ते आपल्याला माहीत आहे. तिनं कितीही म्हटलं तरी सकाळी अकराला घरातली बाई पदर काढून पाठ दाखवायला तयार होत नाही. समोर सासरा बसलेला, मुलं धावताहेत, गॅसवर भाजी.

तेव्हा प्रश्न फक्त अभियानाचा नाही, आपल्या दाराचाही आहे. आशाताई आली तर तिला आत घ्या, खिडकीजवळ न्या, दार लोटा. परकराची नाडी जिथे बांधतो ती जागा, पाठ, नितंब, मांड्यांची मागची बाजू, जी आरशात दिसत नाही, तीच दाखवायची असते. पाच मिनिटांचं काम. आणि तिच्यावर अवलंबून तरी का राहायचं? दिवाळीत अभ्यंगाला एकमेकींच्या पाठीला तेल-उटणं लावतोच ना, तेव्हा नुसतं चोळू नका, पाहा. उजेडात पाहा. वर्षातून एकदा नाही, तीन-चारदा पाहा. लेकीची पाठ आईनं, सुनेची सासूनं, सासूची सुनेनं. (पाठ दाखवण्याइतकं सासू-सुनेचं पटत असेल तर!)

लपवण्यामागे भीती लग्नाची असते, हे मला मान्य आहे. २०१९ पर्यंत तर आपल्या कायद्यातच कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. नवरा बायकोला त्या नावावर सोडू शकत होता. त्या वर्षी संसदेनं दुरुस्ती करून ते कलम काढलं. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, सगळ्यांच्या विवाह कायद्यांतून. पण ही गोष्ट किती बायकांना ठाऊक आहे? आमच्या बैठकीत मी विचारलं, तर एकीनंही हात वर केला नाही. कायदा बदलल्याची बातमी दिल्लीहून फुलचूरच्या ओट्यापर्यंत यायला इतकी वर्षं पुरली नाहीत. मुलीला चट्टा निघाला तर तो सहा महिन्यांत बरा करून लग्न लावता येतं. लपवून लग्न लावलं, तर दोन बाळंतपणांनंतर बोट वाकतं आणि मग काहीच लपत नाही.

दरवर्षी ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, कुष्ठरोग निवारण दिन असतो आणि तिथून १३ फेब्रुवारीपर्यंत ‘स्पर्श’ अभियान चालतं. ग्रामसभेत शपथ वगैरे होते. बरेचदा याच सुमारास आपली संक्रांतीची हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंत चाललेली असतात. सगळ्या बायका एकत्र, पुरुष बाहेर, अशी संधी वर्षात दुसरी कोणती? आमच्या गटानं म्हणून यंदा ठरवलं आहे की वाणाला प्लॅस्टिकची डबी द्यायची नाही, छोटा हातआरसा द्यायचा. उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंशी बोलणं झालं आहे, दोन आशाताई यायला तयार आहेत. अंगणवाडीची खोली मिळते आहे. तिला पूर्वेला मोठी खिडकी आहे, त्यामुळे उजेड छान येतो. पडद्यासाठी दोन जुन्या साड्या लागतील, कापूस आणि बॉलपेनं माझ्याकडे आहेत. ज्यांना नेमकं काही निघेल त्यांना घेऊन दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात त्वचारोग विभागात जायला दोघीजणी ठरवून ठेवल्या आहेत. एकटीनं जायला बायका बिचकतात म्हणून. वेळ दुपारी दोन ते चार, कारण तेव्हा भांडी झालेली असतात आणि शाळा सुटायची असते.